बारीवरचं कांडप

आमच्या धंद्याचा पहिला कायदा विहिरीनं घालून दिला होता.

वाटणी झाली तेव्हा जमिनीचे दोन तुकडे पडले, घराच्या मधोमध भिंत आली, पितळेची पातेलीसुद्धा वाटून झाली. पण विहीर काही कापता येईना. ती आणि तिच्या भोवतीची थोडी जागा उताऱ्यावर दोघा भावांच्या नावे सामाईक राहिली. मग पंचांनी बारी लावून दिली. बारी म्हणजे पाण्याची पाळी. एक आठवडा थोरल्याचा, एक आठवडा धाकट्याचा, आणि बाजाराच्या दिवशी बारी बदलायची. मोटार जळाली तर खर्च निम्मा-निम्मा. दुसऱ्याच्या बारीत विहिरीकडे फिरकायचंसुद्धा नाही. थोरले म्हणजे माझे मोठे दीर आणि धाकटे म्हणजे आमचे हे. वाटणीनंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, ते काही एका कारणानं नाही. रस्त्याकडचा तुकडा कोणाला गेला, गोठ्याचे पत्रे कोणी काढून नेले, अशा सतरा गोष्टी होत्या. बारी मात्र कधी चुकली नाही. भावकीत बोलणं बंद असलं तरी पाणी बंद ठेवून चालत नाही.

मी कोल्हारची. माहेरी प्रवरा दाराशी, त्यामुळे पाण्याला बारी असते हे मला लग्न करून नेवासा तालुक्यात आल्यावर कळलं. इथं आले तेव्हा थोरल्या जाऊबाई घर सांभाळत होत्या. त्यांना मी आक्का म्हणते. एका चुलीवर होतो तोवर आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. माझी भाकरी त्यांना जाड वाटायची आणि त्यांचा आवाज मला मोठा वाटायचा. मग भिंत आली आणि आमचं जमलं. माणसाला माणूस गोड लागायला मधे थोडी वीट-माती असावी, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

कांडपाची कल्पना आक्काची. उन्हाळा लागला की आमच्या गावच्या बाया वर्षाची मिरची, धने, हळद घेऊन नेवाशाला कांडपावर जायच्या आणि दिवस दिवस नंबर लावून बसायच्या. बचत गटाचं कर्ज काढून आम्ही दोघींनी एक यंत्र आणलं. ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. घरी ठेवलं तर तिखटाच्या धुरळ्यानं अख्खी आळी खोकणार. शिवाय भिंतीच्या अलीकडे ठेवलं तर थोरल्यांना वाटणार धाकटीनं गिळलं, पलीकडे ठेवलं तर ह्यांना वाटणार थोरलीनं गिळलं. म्हणून विहिरीवर, मोटारीच्या खोलीला लागून पत्र्याची खोली टाकली. जागा सामाईक, म्हणजे कोणाला बोलायला तोंड नाही. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त गाठला, यंत्राला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि पहिला घाणा काढला. परवाना, नोंदणी, कागद हे शब्द दोघींच्या डोक्यात आले नाहीत. मुहूर्त टळू नये एवढीच काळजी होती.

आणि धंदाही आम्ही बारीवरच चालवला. विहिरीची बारी ज्याची, कांडप त्याच घरचं. थोरल्यांचा आठवडा असला की सगळी मेहनत आक्काची आणि सगळी कमाई आक्काची. पुढच्या आठवड्यात माझी. यंत्राची दुरुस्ती निम्मी-निम्मी. कोणी कोणाला हिशेब मागायचा नाही. आमच्या दृष्टीनं याहून सोपं आणि निर्मळ काही नव्हतं. एक तेवढी कटकट होती. विहिरीवरची लाईट शेतीची. ती एक आठवडा दिवसा यायची आणि एक आठवडा रात्री. दिवसाची लाईट आक्काच्या बारीला आणि रात्रीची माझ्या बारीला, असा मेळ बसला की मी लाईटवाल्यांच्या नावानं बोटं मोडायची आणि आक्का गालातल्या गालात हसायची. बायकांनाही सवय झाली होती. ज्यांना तिखट बारीक हवं त्या आक्काच्या आठवड्यात यायच्या, ज्यांना जरा भरड लागतं त्या माझ्या.

इथं एक सांगायला हवं. आक्काच्या नावावर जगात काही नव्हतं. घर दिरांचं, रान दिरांचं, दूध डेअरीचं खातं दिरांचं. दुसऱ्याच्या रानात कांदा खुरपायला गेली तर मजुरीचा जो रोज मिळायचा तोही तिच्या हातात येऊन चुलीपर्यंत पोचेस्तोवर संपायचा. या कांडपाचा निम्मा भाग ही तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट. तिच्या बारीच्या आठवड्यात ती वेगळीच चालायची, मला भिंतीपलीकडूनही पावलावरून कळायचं.

मग आम्ही येसूर करायला लागलो. भाजलेल्या बाजरी-हरभऱ्यात मसाले घालून केलेलं पीठ. आमच्याकडे लग्ना-कार्यात त्याचीच आमटी असते. आक्काच्या हातचा येसूर एका पाव्हण्यानं नगरला नेला, तिथून तो एका किराणा दुकानदाराच्या जिभेवर गेला, आणि दुकानदाराचा निरोप आला: पाकिटं करून द्या, हवी तेवढी घेतो, फक्त पाकिटावर परवाना नंबर पाहिजे. दुसऱ्याची मिरची कांडून देणं वेगळं आणि आपल्या नावानं पाकीट विकणं वेगळं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याच आठवड्यात वीज कंपनीचा वायरमन तारा बघायला आला. माणूस ओळखीचा. कांडपाकडे बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"वैनी, ही लाईन शेतीची हाय. हिच्यावर धंदा चालत न्हाई. मी काय बघितलं न्हाई, पन दुसरा कोनी बघल तर दंड बसंल आन लाईन बी तोडत्याल. धंद्याचं मीटर घ्या."

मी बारावी झालेली, त्यामुळे कागदाचं काम माझ्याकडे. ई-सेवा केंद्रात गेले तर तिथल्या पोरानं उद्यम नोंदणी करून दिली आणि पैसे घेतले. ती नोंदणी फुकट असते हे मला पैसे दिल्यावर कळलं. अन्नाची नोंदणी भरायला बसला तेव्हा त्यानं विचारलं, "धंदा कोणाच्या नावावर?" मी म्हटलं, "दोघींच्या." म्हणाला, "दोघींच्या म्हणजे कसा?" मी बारी समजावली. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही आधी वकील गाठा."

वकीलबाई नेवाशाला कोर्टाजवळ बसतात. वयानं माझ्याएवढ्या, बोलायला सरळ. आम्ही दोघी समोर बसलो. आक्कानं येसुराचा पुडा टेबलावर ठेवला. रिकाम्या हातानं जायची तिला सवय नाही.

"म्हणजे या आठवड्यात धंदा तुमचा," वकीलबाई मला म्हणाल्या, "आणि पुढच्या आठवड्यात यांचा?"

"व्हय," आक्का म्हणाली. "बाजारापासून बाजारापतुर."

"आणि एखाद्या पाकिटात खडा निघाला, कोणी तक्रार केली, तर?"

"जिची बारी तिनं बघायचं."

"हळद तुम्ही तुमच्या आठवड्यात कांडली. पाकीट यांनी यांच्या आठवड्यात भरलं. गिऱ्हाइकानं ते महिन्यानं फोडलं. आता बारी कोणाची?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पाणी वाफ्यात गेलं की संपलं, त्याला मागची-पुढची बारी नसते. मसाला डब्यात वर्षभर राहतो. एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती, आणि मला स्वतःचाच राग आला.

वकीलबाईंनी मग एकेक सांगितलं. धंदा एकीच्या नावावर करता येतो, ते सगळ्यात सोपं. पण मग नफा तिचा, तोटा तिचा आणि कर्जही तिचं. भागीदारी करता येते. तिचा लेख करायचा, कोणाचा किती हिस्सा ते लिहायचं. कंपनी काढता येते, पण तुमच्या एवढ्याशा धंद्याला ती झेपणार नाही, मसाल्यापेक्षा कागद जास्त होतील. जीएसटी लागेल का, हे मी विचारलं. उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे तोवर नाही, पण वर्षाचा आकडा लिहून ठेवा, म्हणाल्या. वजनकाट्याला शिक्का मारून घ्या, पाकिटावर वजन, तारीख, किंमत, आत काय घातलंय, सगळं छापा. शेतजमिनीवर धंदा करताय, ते तहसीलमधे विचारावं लागेल, तो अर्ज मी बघते. मी सगळं डोक्यात बसवत होते. आक्का मात्र पहिल्याच वाक्यावर थांबली होती.

"मंग हिच्या नावावर करा," ती म्हणाली. "मला कागदातलं काय कळतंय? हिला कळतं."

माझा तोल गेला. म्हटलं, "आक्का, कल्पना तुमची, येसूर तुमचा, आन नाव माझं?"

"नावात काय ठिवलंय."

"तसं केलंत," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "तर कागदावर तुम्ही यांच्याकडे कामाला आहात असं होईल."

आक्कानं वकीलबाईंकडे बघितलं. मग म्हणाली, "कामाला?"

"कागदावर."

"मंग न्हाई. जन्मभर तेच केलंय."

भागीदारीचं ठरलं. तरी एकेका कलमाला आक्का अडत होती. एकीनं केलेला व्यवहार दुसरीलाही बांधतो म्हटल्यावर म्हणाली, "आसं तर लग्नात पन आस्तंय." आणि भागीदारी मोडायची झाली तर यंत्र कोणाकडे जाईल, दोघींतली एक गेली तर पुढं काय, हे आत्ताच लिहायचं म्हटल्यावर तर तिनं कानाला हात लावला. "सुरू व्हायच्या आदीच मोडायचं लिव्हायचं? लग्नाच्या याद्या करताना कोनी काडीमोड लिव्हतं का?"

"नाही लिहीत," वकीलबाई म्हणाल्या, "म्हणून तर माझं दुकान चालतं."

मी मोठ्यानं हसले. आक्कापण हसली, पण कलम लिहू दिलं. नवरे असले तरी भागीदार आम्ही दोघीच. एक गेली तर तिचा हिस्सा तिच्या लेकरांना. आक्काला एकच मुलगी, ती नगरला नर्सिंग शिकते. आक्कानं ते कलम दोनदा वाचून दाखवायला लावलं.

"आता जागा," वकीलबाई म्हणाल्या. "खोली कोणाच्या नावावर?"

मी उतारा पुढे केला. त्यांनी वाचला. म्हणाल्या, मीटरला, अन्नाच्या नोंदणीला, सगळ्याला जागेचा पुरावा लागेल. दोघा भावांनी मिळून तुम्हाला खोली वापरायला दिली असा करार करू. दोघांच्या सह्या एका कागदावर, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोघं समोर.

"एकाच कागदावर?" मी विचारलं.

"एकाच."

जिनं तिनं आपापल्या नवऱ्याला विचारायचं, असं येताना एसटीत ठरलं.

ह्यांचं उत्तर मला पाठ होतं आणि तेच आलं: "आदी त्याला करू दे." म्हणजे नकार नव्हता. आमच्या घरात ह्यांचा होकार कायम दुसऱ्याच्या होकाराच्या मागून चालत येतो. थोरल्यांचं उत्तर आक्कानं दुसऱ्या दिवशी बांधावर सांगितलं, आणि मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकतेय.

"म्हनत्यात, कूळ लागंल."

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. दिरांच्या आज्यानं नदीकडचा एक तुकडा एका माणसाला वाट्यानं कसायला दिला होता. कूळकायदा आला, कसणारा कूळ लागला आणि रान त्याचं झालं. आज्याला मी पाहिलं नाही, पण त्या तुकड्याचं दुःख या घरात देवघरातल्या टाकांसारखं पिढ्यान्‌पिढ्या पूजलं गेलंय. शेजाऱ्याची म्हैस आमच्या बांधावर लागोपाठ दोन दिवस बांधली तर दीर तिला सोडून द्यायचे. तिसऱ्या दिवशी कूळ लागेल म्हणून. माणूस वाईट नाही. कोणाच्या अडीअडचणीला आधी धावतो, रात्री-बेरात्री कोणाची गाय अडली तर हा पुढे. पण सही म्हटलं की ते मागे सरतात. त्यांच्या हिशेबी सही म्हणजे जमीन जाणं. वाटणीत सही केली आणि रस्त्याकडचा तुकडा गेला, हे त्यांचं दुसरं दुखणं.

"पन कूळ लागनार कोन?" मी आक्काला विचारलं. "तुमी आन मी?"

"तेच तर."

म्हणजे माझे दीर स्वतःच्या बायकोला भीत होते. तिनं खोली भाड्यानं घेतली तर ती त्यांच्या जमिनीवर कूळ लागेल! मी धाकटी, थोरल्या दिरासमोर तोंड वर करून बोलायची आमच्यात रीत नाही, आणि तोंड बंद ठेवायची मला सवय नाही. म्हणून मी भाकरी थापता थापता मधल्या भिंतीला ऐकवायला लागले. "बायको कूळ लागती म्हणं! उद्या गादीवर निजली तर गादीला कूळ लागंल!" पलीकडे खोकल्याचा आवाज यायचा. ह्यांनी मला दोनदा गप्प बसायला सांगितलं, मी तिसऱ्यांदा आणखी मोठ्यानं बोलले.

दुकानदाराचे फोन सुरू झाले. वायरमन पुन्हा दिसला आणि मान खाली घालून निघून गेला. आम्ही यंत्र बंद ठेवलं. लाईन तोडली तर विहिरीची मोटारही जाईल आणि दोन्ही घरांचा कांदा वाळेल, हे आम्हाला परवडणार नव्हतं. बंद कांडपाच्या त्या दिवसांत आक्का पुन्हा खुरपायला जायला लागली. सकाळी डबा बांधून बांधावरनं जाताना दिसायची आणि माझ्याकडे बघायची नाही. तिला माझा राग नव्हता. पण ती गेल्यावर मी एकदा त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसले आणि चक्क रडले. दुसऱ्याच्या बारीत विहिरीवर जायचं नाही हा नियमही मोडला.

शेवटी आक्कानंच दिरांना तयार केलं: सही करू नका, नुसतं ऐका. एका सकाळी चौघं वकीलबाईंकडे गेलो. दोघं भाऊ दोन मोटारसायकलींवर, आम्ही दोघी एसटीनं; तिथंही दोघं दोन बाकड्यांवर. दिरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

वकीलबाईंनी करार वाचून दाखवला. खोली फक्त वापरायला दिली आहे. जमीन तुमची, खोली तुमची. मुदत संपली की परत. यात मालकी कुठं जात नाही.

"आन कूळ लागलं तर?" दिरांनी विचारलं.

वकीलबाई हसल्या नाहीत, हे मी त्यांचं कायम लक्षात ठेवीन. त्यांनी समजावलं की कूळकायदा रान कसणाऱ्यासाठी होता. इथं रान नाही, पत्र्याची खोली आहे, तिच्यात यंत्र आहे. असं कूळ लागत नाही.

"आज्याला बी आसंच सांगितलं हुतं. कायदा मागनं बदलत्योय."

"अहो, पण लागणार कोण? तुमच्या घरच्याच बायका आहेत."

"कागदावर घरचं-बाहेरचं नसतंय म्याडम. तुमीच हिला म्हनला."

वकीलबाईंनी कराराचा कागद पुन्हा चाळला. ह्यांनी बाहेर रस्त्याकडे बघायला सुरुवात केली. मला वाटलं, संपलं. आणि मग इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली आक्का बोलली. आवाज चढवला नाही. नवऱ्याकडे बघत होती.

"पंचवीस वर्सं तुमचं रान कसतीय मी. प्येरलं मी, खुरपलं मी, राखनीला मी. कूळ लागायचं आस्तं तर कवाच लागलं आस्तं मला. कुठं लागलंय?"

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दिरांनी टोपी उचलली, घातली, उठले आणि बाहेर गेले. मोटारसायकलचा आवाज आला आणि लांब गेला. आक्का मला म्हणाली, "चल, यष्टी चुकंल." मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, तिनं मला वेड्यात काढलं असतं.

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. खोकलासुद्धा नाही. मीही भिंतीला बोलणं सोडलं होतं. आक्का खुरपायला जात होती. दिरांची बारी होती, मोटार चालू होती, ते दिवसभर वाफ्यावाफ्याला पाणी वळवत दारं धरत होते. आमच्या बांधावरून मला दिसायचे, पाणी वाफ्याबाहेर चाललंय आणि हे दुसरीकडेच बघतायत. पाण्याचा थेंब वाया न घालवणारा माणूस.

बाजाराच्या दिवशी बारी बदलते. त्या सकाळी दीर आमच्या दारात आले. भिंत आल्यापासून पहिल्यांदा. मी पदर सारखा करत आत सरले. ह्यांचा दाढीचा साबण तोंडावर तसाच.

"उतारा काढलाय का नवा?" दिरांनी विचारलं.

"काढलाय."

"सामाईक गटाचा?"

"त्योच."

"मंग दाढी आवर. हापिस धाला उघडतंय."

एवढंच. सतरा गोष्टींतली एकही निघाली नाही. मला वाटतं अजूनही निघालेली नाही.

भाडं काहीतरी लिहावंच लागेल, असं वकीलबाई म्हणाल्या तेव्हा दीर पुन्हा अडले. "घरच्या बाईकडनं भाडं घ्यायचं? लोक शेन घालत्याल तोंडात."

"लिव्हा," आक्का म्हणाली. "म्हैन्याच्या म्हैन्याला देऊ. निम्मं तुमाला, निम्मं भावजींना. आन पावती घेऊ."

वकीलबाईंनी लिहिलं. मग दोघा भावांकडे बघून म्हणाल्या, एक लक्षात ठेवा, करार आहे तोवर खोली यांच्या ताब्यात. मालक असलात तरी आत जायचं तर यांना विचारून. दिरांनी मान हलवली. ते कागदाला भितात, पण एकदा सही केली की त्यातलं अक्षरन्‌अक्षर पाळतात. बारी पाळतात तसं. निबंधकाच्या कार्यालयात चौघांचे फोटो निघाले, अंगठे उठले. आक्काचा अंगठा यंत्राला लवकर उमटेना. खुरप्यानं रेषा झिजल्या होत्या. पुसून पुसून शेवटी उमटला.

मीटर यायला वेळ लागला, तहसीलच्या अर्जानं आणखी चपला झिजवल्या, पण सगळं आलं. अन्नाच्या नोंदणीचा नंबर आला. पाकिटं छापली. बारी आम्ही मोडली. आता हिस्सा निम्मा-निम्मा आणि रोज दोघी कामावर. पहिले काही दिवस एका खोलीत आम्हाला एकमेकींची पुन्हा अडचण व्हायला लागली. तिला माझं तिखट भरड वाटायचं, मला तिचा आवाज मोठा वाटायचा. मग ठरलं, भाजणं तिचं आणि कांडणं माझं, आणि बोलायचं ते यंत्र बंद झाल्यावर. भिंतीचा गुण आम्ही असा दुसरीकडून मिळवला.

पहिला महिना भरला. भाडं न्यायला दीर विहिरीवर आले. आम्ही आत होतो, यंत्र चालू होतं. ते दाराशी येऊन थांबले. खोलीचे पत्रे त्यांनी स्वतः ठोकलेले, खालची जमीन बापजाद्यांची. तरी उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहिले आणि यंत्राच्या आवाजावरून ओरडले, "आत येऊ का?"

आक्कानं मागं वळून बघितलं. मी यंत्राचं बटण बंद करायला गेले तर तिनं हातानं थांबवलं.

"घाना हुतोय," ती म्हणाली. "थांबा वाईच. आन चपला भाईर काढा."

दिरांनी चपला काढल्या आणि दाराबाहेर थांबले.